लष्कराच्या निर्लेखित गाड्या संग्रहासाठी कशा घ्याव्यात: मुंबईतील संग्राहकासाठी सविस्तर मार्गदर्शन

निर्लेखित, म्हणजे लष्कराने सेवेतून काढून टाकलेली, लष्करी गाडी आपल्या मालकीची असावी, तिची मशागत स्वतःच्या हाताने करावी आणि ती पुन्हा रस्त्यावर चालताना पाहावी, अशी इच्छा बाळगणारी माणसे मुंबईत कमी नाहीत. ज्या शहरात माझगावला महिंद्रा कंपनीच्या जीपची जुळणी सुरू झाली, त्या शहरात असे वेड असणे स्वाभाविकही आहे. मात्र या छंदात अडकून पडणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. ते आधी लोखंड विकत घेतात आणि मग कागद शोधत फिरतात. या लेखातील प्रत्येक पायरी त्यामुळे एकाच क्रमाने मांडली आहे: प्रथम कायदा, मग जागा, मग कागद आणि सर्वांत शेवटी गाडी.

पहिली पायरी: नेमके काय घ्यायचे ते ठरवणे

भारतीय लष्करात वाहनांचे ढोबळमानाने तीन वर्ग मानले जातात. ‘ए’ वर्गात रणगाडे, चिलखती गाड्या आणि इतर लढाऊ वाहने येतात. ‘बी’ वर्गात चिलखत नसलेल्या जीप, ट्रक, रुग्णवाहिका अशा चाकांच्या गाड्या येतात. आणि ‘सी’ वर्गात क्रेन, बुलडोझर यांसारखी अभियांत्रिकी यंत्रे येतात. खासगी संग्राहकाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. ‘बी’ वर्गातील गाडी लिलावातून घेऊन, तिची रीतसर नोंदणी करून ती आपल्या नावावर चालवता येते. ‘ए’ वर्गातील गाडीबाबत तसे गृहीत धरता येत नाही, आणि त्याची कारणे पुढच्या भागात दिली आहेत.

‘बी’ वर्गात निवडीला भरपूर वाव आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू या १९४१ ते १९४५ या काळात बनल्या आणि युद्धानंतर शिल्लक सामानाच्या विक्रीतून आपल्याकडे अनेकांच्या हाती आल्या. त्यानंतर महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी आली. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीच्या परवान्यावर बनलेली जोंगा १९६९ पासून १९९९ पर्यंत तयार होत होती, आणि तिच्या नावातच जबलपूरचा व तिथल्या तोफगाडी कारखान्याचा उल्लेख दडलेला आहे. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रक १९५९ पासून १९९६ पर्यंत निघत होता. निसानचा एक टनी ट्रक आणि १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी यांचीही मोठी संख्या लष्कराने वापरली. नवख्या संग्राहकाने पहिली गाडी म्हणून जिप्सी किंवा महिंद्राची जीप घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या दोन्हींचे सुटे भाग अजून सहज मिळतात आणि त्यांच्यावर काम केलेला मिस्त्री जवळपास सापडतो. जोंगाचे सुमारे चार लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन ऐकायला फार सुरेख असले, तरी ते लिटरला चार-पाच किलोमीटरच्या वर क्वचितच जाते. शक्तिमान ही तर सरळसरळ अवजड गाडी आहे. तिच्यासाठी जागा, परवाना आणि मनुष्यबळ या तिन्हींचा वेगळा विचार करावा लागतो. ज्याच्याकडे फक्त हलक्या वाहनाचा चालक परवाना आहे, त्याने एकूण भार ७,५०० किलोच्या आत असणाऱ्या गाड्यांपुरतेच आपले स्वप्न ठेवावे.

चिलखती गाडीविषयी स्पष्ट कल्पना

चिलखती गाडीच हवी असा आग्रह असणाऱ्यांनी तीन कायद्यांचा एकत्रित विचार केला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे ‘निषिद्ध शस्त्रे’ या व्याख्येत येतात, आणि ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राच्या सुट्या भागांचाही समावेश होतो. म्हणजेच तोफ चालू नाही, फक्त तिची ब्रीच (गोळा भरण्याचा मागचा भाग) किंवा नळी तेवढी उरली आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय असे काहीही जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरतो. दुसरा प्रश्न रस्त्याचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार वाहनाला हवेचे टायर असावे लागतात, त्यामुळे पट्ट्यांवर चालणारी गाडी सामान्य नोंदणीच्या चौकटीत बसतच नाही. ती कुंपणाच्या आत उभी ठेवण्याचीच वस्तू राहते. तिसरा प्रश्न आयातीचा. परदेशात खासगी संग्राहकांकडे चिलखती गाड्या असतात, त्यामुळे तिथून एखादी मागवावी असे अनेकांच्या मनात येते. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात प्रवासी मोटारी ८७०३ या शीर्षकाखाली, तर रणगाडे व इतर चिलखती लढाऊ वाहने ८७१० या वेगळ्या शीर्षकाखाली येतात. म्हणून जुन्या मोटारींच्या आयातीला मिळणारी सवलत चिलखती गाडीलाही मिळेल असे धरून एक रुपयाही आगाऊ देऊ नये. विदेश व्यापार महासंचालनालयाचे लेखी उत्तर हातात येईपर्यंत विक्रेत्याशी केवळ बोलणी करावीत. शिवाय ब्रिटनसारख्या देशातून अशी गाडी बाहेर काढायलाही निर्यात परवाना लागतो, कारण तिथल्या लष्करी मालाच्या यादीत भूवाहनांचा स्वतंत्र वर्ग आहे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले नातेवाईक असतील आणि गाडी तिथेच ठेवायची असेल, तर चित्र बरेच वेगळे आहे. तिथे शस्त्रे निकामी केलेल्या चिलखती गाड्या खासगी मालकीत असणे सर्वमान्य आहे. सुरुवातीला लोक बहुधा डेमलर फेरेट ही छोटी टेहळणी गाडी घेतात. ती १९५२ ते १९७१ या काळात बनली आणि भारतीय लष्करानेही ती वापरली. तिच्यात रोल्स-रॉइसचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरची प्रीसिलेक्टर पेटी (गिअर आधी निवडून ठेवून मग पेडल दाबून लावायची) असते. तिच्या प्रेषण यंत्रणेत प्रत्येक बाजूची पुढची व मागची चाके एकमेकांशी जोडलेली असतात, त्यामुळे सपाट डांबरी रस्त्यावर बराच वेळ चालवल्यास शाफ्ट आणि बेव्हल पेट्यांत (शक्ती चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेट्यांत) पीळ साठत जातो. जाणकार चालक अधूनमधून एखादे चाक फुटपाथच्या कडेवरून किंवा मऊ मातीवरून नेऊन तो पीळ मोकळा करतात. असे न करणाऱ्या मालकाच्या गाडीच्या बेव्हल पेट्या खराब झालेल्या असतात आणि त्या दुरुस्त करणे गाडीच्या किमतीच्या मानाने फार महाग पडते. पाहणी करताना म्हणून या पेट्यांचे तापमान आणि त्यांतील तेलात आलेला लोखंडी चुरा आधी तपासावा.

भारतात चौकाचौकांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत दिसणारे विजयंता किंवा टी-५५ रणगाडे हे लष्कराने संस्थांना प्रदर्शनासाठी दिलेले असतात. त्यांची शस्त्रे निकामी केलेली असतात आणि त्यांची देखभाल त्या संस्थेने करायची असते. एखादी शाळा, विश्वस्त संस्था किंवा महापालिका यांच्या माध्यमातून असे वाहन गावात आणण्यासाठी झटणे हाही संग्राहकाच्या आवडीचा एक सन्मान्य मार्ग आहे. आणि चिलखती गाड्या डोळे भरून पाहायच्या असतील, तर अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम मुंबईहून एका दिवसाच्या अंतरावर आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून सेंच्युरियन आणि पॅटन रणगाड्यांपर्यंत अनेक वाहने उघड्यावर मांडली आहेत. कोणतीही गाडी घेण्याआधी तिथे एक पूर्ण दिवस घालवावा, असे मी प्रत्येक नवख्या संग्राहकाला आवर्जून सांगेन.

दुसरी पायरी: जागा

मुंबईतील गृहनिर्माण संस्थेत ठरावीक मापाची एक पार्किंगची जागा मिळते, आणि तिथे जीप किंवा जिप्सी फार तर मावते. दुरुस्तीची कामे, म्हणजे इंजिन उतरवणे, वेल्डिंग करणे, रंग मारणे, संस्थेच्या आवारात करणे शेजाऱ्यांच्याही हिताचे नाही आणि अग्निसुरक्षेच्याही. म्हणून बहुतेक संग्राहक पनवेल, कर्जत, वाडा किंवा भिवंडीकडे शेड भाड्याने घेतात. शेड निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: जमीन काँक्रीटची आणि भोवतालपेक्षा उंच असावी, कारण पावसाळ्यात ओल्या मातीवर उभ्या गाडीची चासी खालून कुजते, दरवाजाची उंची ट्रकला पुरेशी असावी, आणि ट्रेलर आत येऊन वळू शकेल इतका रस्ता असावा. भाडेकरारात वाहन दुरुस्तीचा उद्देश स्पष्ट लिहून घ्यावा. गाडी घरी येण्याच्या आधी ही व्यवस्था पूर्ण झालेली असली पाहिजे, कारण लिलावातील माल ठरलेल्या मुदतीत उचलला नाही तर भूभाडे सुरू होते आणि पुढे अनामतही जप्त होऊ शकते.

तिसरी पायरी: लिलाव

लष्कराने निर्लेखित केलेल्या गाड्या मुख्यतः एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ई-लिलावाने विकल्या जातात. सरकारी ई-बाजारपेठ म्हणजे जेम या व्यासपीठावरही अलीकडे विक्रीचे लिलाव होतात. मुंबईकराला सोयीचे म्हणजे देहूरोड आणि खडकी येथील आयुध आगारे पुण्याजवळ आहेत, आणि शहरातच कांदिवली-मालाड भागात सेंट्रल ऑर्डनन्स डेपो आहे. अर्थात गाड्यांचे लॉट, म्हणजे एका बोलीत विकायचा माल, देशातील कोणत्याही आगारात निघू शकतात, त्यामुळे केवळ जवळचे ठिकाण म्हणून एखादा सुमार लॉट घेऊ नये.

खरेदीदार म्हणून नोंदणी करताना पॅन, पत्त्याचा पुरावा, बँकेचा तपशील इत्यादी कागद द्यावे लागतात आणि ठरावीक शुल्क भरावे लागते. त्यानंतर प्रत्येक लिलावाच्या विशेष अटी वेगळ्या असतात, आणि हे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे अत्यंत आवश्यक आहे. त्यात पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत. गाडी वाहन म्हणून विकली जात आहे की भंगार म्हणून? भंगार म्हणून विकलेल्या गाडीची नोंदणी करण्याची आशा सोडून द्यावी. लॉट केवळ नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांसाठी राखीव आहे का? पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून आपोआप संपुष्टात येण्याचा नियम झाल्यानंतर असे राखीव लॉट वाढले आहेत. त्या नियमातून संरक्षणाच्या कामासाठीच्या चिलखती व विशेष वाहनांना वगळलेले असले, तरी प्रत्येक लॉटची अट स्वतंत्रपणे पाहावी. बोली एकट्या गाडीवर आहे की दहा-वीस गाड्यांच्या ढिगावर? ढिगावर असेल, तर एखाद्या विश्वासू भंगार व्यापाऱ्याशी आधी लेखी करार करून आपल्याला हवी ती गाडी त्याच्याकडून घेणे जास्त व्यवहार्य ठरते. मात्र अशा वेळी विक्रीचा मूळ कागद त्याच्या नावावर निघतो, आणि मग तुमच्यापर्यंतची मालकीची साखळी कागदोपत्री अखंड ठेवावी लागते.

सर्वांत मोठी बोली लावली म्हणजे गाडी आपली झाली असे नसते. अनेकदा बोली ‘मंजुरीच्या अधीन’ राहते आणि विक्रेत्या विभागाची मान्यता आल्यावरच पुढची रक्कम भरायची असते. बोलीच्या रकमेवर जीएसटी आणि टीसीएस (विक्रीच्या वेळीच विक्रेता वसूल करतो तो आयकर) वेगळे लागतात, आणि वाहतूक व उचल यांचा खर्च त्याहून वेगळा. बोलीची वरची मर्यादा घरी बसून, शांत डोक्याने, हे सगळे खर्च वजा करून ठरवावी आणि लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत ती ओलांडू नये.

चौथी पायरी: प्रत्यक्ष पाहणी

लिलावाच्या अटींत ‘जशी आहे, जिथे आहे’ ही ओळ असतेच, त्यामुळे पाहणीसाठी दिलेले दिवस चुकवून बोली लावणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी मारण्यासारखे आहे. आगारात मोबाइल आणि कॅमेरा नेऊ देत नाहीत हे गृहीत धरून वही, पेन, विजेरी, लहान लोहचुंबक आणि मोजपट्टी यांसाठी तरी आधी परवानगी मागून ठेवावी. ओळखपत्र मूळ न्यावे.

लष्करी क्रमांक प्रथम टिपावा. त्यात वर टोक असलेला बाण, गाडी घेतल्याच्या वर्षाचे दोन आकडे, एक अक्षर, अनुक्रमांक आणि शेवटी वाहनाच्या वर्गाचे अक्षर असते. त्यानंतर चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक धातूवर प्रत्यक्ष ठोकलेले आहेत का आणि ते लॉटच्या यादीशी जुळतात का, हे अक्षर-अक्षर तपासावे. आगारातील दुरुस्तीत इंजिन बदलले जाणे अगदी सामान्य आहे आणि त्यात गैर काही नाही. पण बदललेल्या इंजिनाचा क्रमांक विक्रीच्या कागदावर आलाच पाहिजे. हे एक पथ्य पाळले, तर परिवहन कार्यालयातील निम्म्या अडचणी टळतात.

यांत्रिक पाहणीत रंगाकडे दुर्लक्ष करावे आणि गंजाकडे लक्ष द्यावे. चासीच्या मागच्या टोकाला, स्प्रिंगच्या पाट्या अडकवलेल्या हँगरजवळ आणि बॉडीच्या आधारबिंदूंखाली पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावे. पत्रा दबला तर वेल्डिंगचे मोठे काम आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणाऱ्या गाड्यांत पुढच्या ॲक्सलच्या गोलाकार नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) तेल गळते का ते पाहावे. इंजिन हाताने फिरते की जाम आहे, तेलात पाणी मिसळून पांढुरका फेस झाला आहे का, रेडिएटर गायब आहे का, अशा गोष्टी टिपून ठेवाव्यात. गायब सुट्या भागांची यादी तिथेच बसून करावी, कारण आगारात वर्षानुवर्षे उभ्या गाड्यांवरून कार्ब्युरेटर, डायनामो, मीटर हे भाग बऱ्याचदा नाहीसे झालेले असतात आणि नेमके तेच मिळवणे कठीण असते.

विलिस म्हणून विकल्या जाणाऱ्या जीपची ओळख पटवण्यात तज्ज्ञही चुकतात, म्हणून काही खुणा सांगून ठेवतो. युद्धकालीन एमबीच्या पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात, तर नंतरच्या नागरी जीपच्या जाळीत सात. एमबीच्या चासीचा पुढचा आडवा दांडा नळीच्या आकाराचा असतो, तर फोर्डच्या जीपीडब्ल्यूमध्ये तो उलट्या पन्हळीसारखा असतो. फोर्डच्या अनेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, वळणदार ‘एफ’ हे अक्षर ठोकलेले असते. मूळ विद्युत व्यवस्था सहा व्होल्टची होती, पण आज बहुतेक गाड्या बारा व्होल्टवर आणलेल्या आढळतात. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीप नव्याने बांधण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि तिथले कारागीर कुशल आहेत. परंतु तिथली नवी बॉडी बसवलेली जीप आणि मूळ युद्धकालीन जीप यांची किंमत एकसारखी असू शकत नाही, हे खरेदीदाराने विसरू नये.

गाडी ताब्यात आल्यावर आसनांखाली, बॉडीच्या पोकळ्यांत आणि हत्यारांच्या पेट्यांत नीट पाहावे. चुकून राहिलेले काडतूस किंवा स्फोटकासारखी दिसणारी वस्तू सापडल्यास तिला हात न लावता पोलिसांना कळवावे. जुन्या युद्धकालीन मीटरच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. तो खरवडू नये, तबकडी उघडू नये. बिनतारी संच बसवलेला राहिला असेल, तर तो ठेवण्यासाठी परवाना लागतो, म्हणून तो आगारातच उतरवून घेण्याची विनंती करावी.

खासगी मालकाकडून घेताना

लिलावाचा व्याप ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी आधीच नागरी नोंदणी झालेली निर्लेखित गाडी घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत तिचा क्रमांक टाकून मालकाचे नाव, इंधनाचा प्रकार, नोंदणीची वैधता आणि कर्जाचा बोजा तपासावा. डिझेल इंजिन बसवलेली जोंगा किंवा जीप कागदावर पेट्रोल म्हणूनच नोंदलेली असते, असा अनुभव सर्रास येतो. बदलाची परवानगी आणि नोंद नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा. दुसऱ्या राज्यातील गाडीला तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्रात आणल्यावर इथला कर भरावा लागतो. मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० वर सही करून घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

पाचवी पायरी: नोंदणी

लष्करात असताना गाडी मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६० खाली संरक्षण विभागाकडेच नोंदलेली असते. ती संरक्षण खात्याच्या मालकीतून बाहेर पडली की सामान्य वाहनांसाठीची कलमे ३९ आणि ४० तिला लागू होतात, म्हणजेच नागरी नोंदणी अनिवार्य होते. अर्ज नमुना २० मध्ये करायचा असतो, आणि निर्लेखित लष्करी गाडीसाठी संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र त्याला जोडावे लागते. या प्रमाणपत्रात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि गाडीचा प्रकार स्पष्ट असल्याची खात्री आगार सोडण्यापूर्वीच करावी. नंतर एखादा आकडा दुरुस्त करून आणण्यासाठी किती खेटे घालावे लागतील याचा नेम नसतो.

आपला पत्ता ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतो तिथेच अर्ज होतो: दक्षिण मुंबईसाठी ताडदेव, पश्चिम उपनगरांसाठी अंधेरी आणि बोरिवली, पूर्वेकडे वडाळा. माझा आग्रह असा की बोली लावण्याआधीच त्या कार्यालयात जाऊन, लॉटचा तपशील दाखवून, अशा वयाच्या आणि अशा इंजिनाच्या गाडीची नोंदणी होईल का हे विचारावे आणि शक्य असल्यास लेखी अर्जावर उत्तर घ्यावे. गाडी निरीक्षकापुढे न्यावी लागते, त्यामुळे ब्रेक, दिवे, हॉर्न, आरसे, काचेची पुसणी (वायपर) आणि परावर्तक नियमाप्रमाणे असले पाहिजेत. जुन्या गाडीला पर्यावरण कर लागू शकतो, आणि तृतीय पक्ष विमा तर सक्तीचाच आहे. सर्वसमावेशक विमा घ्यायचा असेल, तर विमा कंपनीशी मूल्य आधी ठरवून घ्यावे. नाहीतर वयाच्या हिशेबाने गाडीची किंमत नगण्य धरली जाते.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय केली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात आणि ती पाच वर्षांसाठी असते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नेता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तसेच इंधन व दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रीकरणासाठी भाड्याने देण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ही अट लक्षात ठेवावी.

रंग आणि खुणा

संग्राहकांना हा भाग सर्वांत जड जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. गाडी कितीही अस्सल असली, तरी आपल्या नावावर आल्यावर तिचा तो रंग उतरवावा लागतो. वाळूचा पिवळट, राखाडी किंवा तपकिरी खाकी असे रंग देऊन अनेकांनी आपल्या गाड्या देखण्या केल्या आहेत. ऑलिव्ह ग्रीनला लागून असलेल्या छटाही टाळाव्यात, कारण रस्त्यावरचा पोलीस छटांचा अभ्यास करत बसणार नाही. लष्करी क्रमांक, बाण, विभागाची चिन्हे, ताऱ्यांच्या पाट्या आणि ध्वज हे सारे काढून टाकावे. लष्करी असल्याचा भास निर्माण करणाऱ्या खुणा वापरणे कायद्याच्या अडचणीत तर टाकतेच, पण सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील असलेल्या मुंबईत ते बेजबाबदारपणाचेही आहे. छतावर लाकडी किंवा पाइपची खोटी बंदूक बसवण्याचा मोह तर अजिबात होऊ देऊ नये. मूळ रंगाचा एक तुकडा आणि खुणांची छायाचित्रे मात्र रंग उतरवण्याआधी जपून ठेवावीत. गाडीच्या इतिहासाचा तोच पुरावा असतो.

सहावी पायरी: आणणे, उभी करणे, चालती करणे

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी चालवत आणण्याचा प्रयत्न करू नये. तिची नागरी नोंदणी आणि विमा झालेला नसतो, ब्रेकचा भरवसा नसतो, आणि पुण्याकडून यायचे तर बोर घाट उतरायचा असतो. खाली प्लॅटफॉर्म असलेला ट्रेलर घ्यावा, गाडी चारही बाजूंनी साखळीने बांधावी आणि विक्री प्रमाणपत्र, उचल आदेश व देयक यांच्या प्रती ट्रेलरच्या चालकाजवळ द्याव्यात. मुंबईत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, म्हणून पोहोचण्याची वेळ रात्रीची ठरवावी.

चाकांकडे सर्वांत आधी पाहावे. युद्धकालीन आणि त्यानंतरच्याही अनेक लष्करी गाड्यांना दोन भागांत बोल्टने जोडलेली रिम असते, तर ट्रकला लॉक-रिंगची, म्हणजे टायर जागेवर धरणाऱ्या सुट्या कडीची. हवा पूर्ण सोडल्याशिवाय या बोल्टना पाना लावला, तर रिमचे दोन भाग उसळून माणूस जागीच दगावू शकतो. हे काम जाणकार टायरवाल्याकडूनच, लोखंडी पिंजऱ्यात ठेवून करून घ्यावे. जुन्या ब्रेक लायनिंग आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

इंधनाची यंत्रणा नव्याने बसवणे आज अपरिहार्य झाले आहे. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची वॉशर यांना फुगवते व कुजवते, शिवाय हवेतील ओलावा ओढून घेते. मुंबईच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन्महिने उभी राहिली, तर तळाशी पाणी साचून टाकी आतून गंजते. म्हणून इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या व पडदे बसवावेत, टाकी आतून साफ करून घ्यावी, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवावी.

सुटे भाग मिळवण्यासाठी ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार ही ठिकाणे पालथी घालावी लागतात. जड पत्रा किंवा अँगल हवा असेल तर लोखंडी भंगाराचा बाजार असलेला दारूखाना आहेच. भाग मागताना गाडीचे नाव सांगण्यापेक्षा जुना भाग हातात घेऊन जाणे चांगले, कारण दुकानदार नावापेक्षा मापावर विश्वास ठेवतात. जोंगा आणि निसान एक टनी यांच्या इंजिनाचे बरेच भाग एकमेकांना चालतात, त्यामुळे एकासाठी भंगारात निघालेले दुसरे इंजिन विकत घेऊन ठेवणे फायद्याचे ठरते. जे मिळतच नाही ते लेथवर बनवून घ्यावे लागते, आणि असे काम करणारा एखादा जुना मिस्त्री भेटला तर त्याचा वेळ सन्मानाने विकत घ्यावा.

प्रत्येक पावती, परवानगी, छायाचित्र आणि बदललेल्या भागाची नोंद एका फाइलमध्ये तारखेनुसार ठेवावी आणि तिची एक प्रत गाडीपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पुढे गाडी विकताना, विम्याचा दावा करताना किंवा नाक्यावर पोलिसांनी अडवल्यावर, गाडी कुठून आली याचे उत्तर त्याच फाइलमधून द्यावे लागते. गाडीबरोबर विक्री प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत नेहमी ठेवावी. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.